इथाकाची सभा, एप्रिल १९७० : उपस्थिती, सोंग आणि भूमिगत कवी

१

युद्धविरोधी सभांचा इतिहास बहुधा महानगरांच्या आधारे लिहिला जातो. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरील नियोजित आक्रमणाविरुद्ध जगभर जी निदर्शने झाली, त्यांची आठवणही मुख्यतः लंडन, रोम आणि न्यूयॉर्क या शहरांच्या नावांनी आणि तेथील गर्दीच्या आकड्यांनीच टिकून राहिली आहे. पोलिसांचा आकडा आणि आयोजकांचा आकडा यांतील तफावत हा अशा इतिहासलेखनाचा ठरलेला विषय होय. लहान शहरातील सभेला या पद्धतीत तळटीपेपुरतेच स्थान उरते. कारण जेथे संख्या हेच प्रमाण मानले जाते, तेथे काही शेकडा वा काही हजार माणसांचे मोल सहज नगण्य ठरते.

वस्तुतः लहान शहरातील सभेत उपस्थितीचे स्वरूपच निराळे असते. महानगराच्या गर्दीत माणूस अनाम असतो. लहान शहरात तो ओळखला जातो. सभेला कोण आले हे दुसऱ्या दिवशी शाळेत, दुकानात आणि प्रार्थनामंदिरात ठाऊक झालेले असते. त्यामुळे तेथे उपस्थित राहणे म्हणजे गणनेत एकाने भर घालणे एवढेच नसून स्वतःच्या नावानिशी साक्ष देणे असते. ही साक्ष केव्हा कृतीचे रूप घेते, तिचे उत्तरदायित्व कोणावर पडते आणि साहित्य व नाट्य यांचा या रूपांतराशी काय संबंध येतो, या प्रश्नांचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील इथाका या लहानशा शहरात एप्रिल १९७० मध्ये झालेली व्हिएतनाम-युद्धविरोधी सभा विशेष उपयुक्त ठरते.

२

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, कायुगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी वसलेल्या इथाकाची लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे २६ हजार होती. शहराचे नाव ओडिसियसच्या बेटावरून पडलेले असले, तरी त्यामागचा इतिहास काव्याचा कमी आणि सैन्याचा अधिक आहे. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना मोबदला म्हणून द्यावयाची जमीन ज्या विस्तीर्ण पट्ट्यात राखून ठेवण्यात आली, त्या पट्ट्यातील विभागांना ग्रीक-रोमन वाङ्मयातील आणि इतिहासातील नावे देण्यात आली. त्यांपैकी ‘युलिसीस’ या विभागातील वस्तीला ‘इथाका’ हे नाव मिळणे स्वाभाविकच होते. युद्धावरून परतलेल्या वीराचे गाव हा नावाचा अर्थ आणि युद्धाच्या मोबदल्यात मिळालेली जमीन हा भूगोल, अशी दुहेरी पार्श्वभूमी या शहराला आहे.

१८६५ मध्ये येथे स्थापन झालेल्या कॉर्नेल विद्यापीठाचाही लष्कराशी असाच जुना संबंध आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये ज्या संस्थांना भूमी-अनुदानाचा लाभ मिळाला, त्यांच्या अभ्यासक्रमात शेती व यंत्रविद्या यांच्या जोडीला लष्करी शिक्षणाचा समावेश अपेक्षित होता. विद्यापीठाच्या परिसरातील बार्टन हॉल ही प्रचंड वास्तू पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कवायतीसाठी बांधली गेली आणि पुढे तिला एका लष्करी अधिकाऱ्याचे नाव देण्यात आले. शांततेची सभा भरविण्यास शहरातील सर्वांत मोठे छप्पर हेच होते. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉलचा ताबा घेतल्यानंतर हजारो विद्यार्थी याच कवायतगृहात दिवसरात्र बसून होते. म्हणजे १९७० ची सभा भरली तेव्हा त्या वास्तूच्या अर्थात एक मोठा पालट आधीच घडून आला होता.

सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणारी चळवळही येथे लवकर रुजली. डिसेंबर १९६६ मध्ये कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याने आपले भरतीपत्र जाहीरपणे फाडले. १५ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये भरतीपत्रांची जी सामूहिक होळी झाली, तिच्या आयोजनात कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांचा पुढाकार होता. राजधानीत अथवा महानगरात गाजलेल्या कृतीचा उगम लहान शहरात असू शकतो, याचे हे एक उदाहरण होय.

३

या वातावरणात १९६६ पासून १९७० पर्यंत डॅनियल बेरिगन हे कॉर्नेलच्या धार्मिक कार्य विभागात काम करीत होते. ते येशूसंघीय धर्मगुरू होते आणि प्रतिष्ठाप्राप्त कवीही होते; त्यांच्या पहिल्या काव्यसंग्रहाला १९५७ मध्ये लॅमाँट पुरस्कार मिळाला होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये टॉमस मर्टन यांनी आपल्या मठात निषेधाच्या आध्यात्मिक मुळांचा शोध घेण्यासाठी जे चिंतन-शिबिर भरविले, त्यात बेरिगन सहभागी होते. याच मर्टन यांनी लगोलग १९६५ मध्ये गांधींच्या अहिंसाविषयक वचनांचे संकलन प्रसिद्ध केले. गांधीविचार बेरिगन यांच्या परिवारात पोहोचला तो असा. फेब्रुवारी १९६८ मध्ये इतिहासकार हॉवर्ड झिन यांच्यासह बेरिगन हनोईला गेले आणि उत्तर व्हिएतनामने मुक्त केलेल्या तीन अमेरिकी वैमानिकांना घेऊन परतले.

१७ मे १९६८ रोजी बाल्टिमोरजवळच्या कॅटन्सव्हिल येथे बेरिगन, त्यांचे बंधू फिलिप आणि अन्य सात जण सैन्यभरतीच्या कार्यालयात शिरले. त्यांनी तेथील ३७८ नोंदपत्रे बाहेर आणून मोटारी लावण्याच्या आवारात जाळली. जाळण्यासाठी वापरलेले नापाम त्यांनी लष्कराच्याच हस्तपुस्तिकेतील कृतीवरून घरी तयार केले होते. यानंतर नऊही जण प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट पाहत उभे राहिले. या घटनेचा हा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. कायदा मोडणारा पळून जात नाही, तो शिक्षेसाठी स्वतःला सादर करतो, ही थोरो, गांधी आणि मार्टिन लूथर किंग यांच्यापासून चालत आलेली रीत कॅटन्सव्हिलला पूर्णपणे पाळली गेली होती.

पुढे खटला झाला, शिक्षा झाली आणि अपिले फेटाळली गेली. ९ एप्रिल १९७० रोजी तुरुंगात हजर होण्याचा आदेश बेरिगन यांना मिळाला. त्या दिवशी ते हजर झाले नाहीत. रीत मोडली गेली ती या ठिकाणी.

४

बेरिगन यांच्या सन्मानार्थ १७ ते १९ एप्रिल या काळात इथाकाला एक शांतता-महोत्सव योजलेला होता. ‘अमेरिका सापडणे कठीण’ अशा अर्थाचे त्याचे नाव पुढे १९७२ मध्ये बेरिगन यांच्या एका पुस्तकालाही मिळाले. ज्यांच्यासाठी महोत्सव योजला तेच फरारी असल्याने ते येणार की नाही, हा सर्वांच्या मनातला प्रश्न होता. त्यांना पकडण्यासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाची माणसेही सभागृहात हजर होती. उपस्थितांच्या संख्येचे अंदाज वृत्तान्तागणिक बदलतात. अगदी सावध अंदाज धरला तरी काही हजार माणसे बार्टन हॉलमध्ये होती, आणि शहराचा आकार पाहता ही संख्या असाधारण होती.

शुक्रवारी संध्याकाळी आर्थर वॉस्को यांच्या पुढाकाराने ‘मुक्ती-सेदर’ हा विधी झाला. इजिप्तच्या दास्यातून इस्रायलच्या वंशजांची सुटका झाली, तिचे स्मरण पासओव्हरच्या सणात ज्या भोजनविधीने केले जाते, तो सेदर होय. त्याची संहिता म्हणजे हग्गादा. वॉस्को यांनी या संहितेत कृष्णवर्णीयांचा मुक्तिलढा आणि युद्धविरोध यांचा समावेश करून नवी हग्गादा रचली होती आणि तिचा पहिला प्रयोग ४ एप्रिल १९६९ रोजी, किंग यांच्या प्रथम स्मृतिदिनी, वॉशिंग्टनला झाला होता. मराठी वाचकाला हा ग्रंथप्रकार अगदीच परका नाही. बेने इस्रायली समाजासाठी मराठी भाषांतरासह छापलेली हग्गादा पुण्यात १८७४ मध्ये निघाली होती. आणि या समाजाच्या मलिदा विधीत एलियाहू हान्नाबी या प्रेषिताचे स्मरण आजही केले जाते.

सेदरमध्ये या एलियाहूसाठी दार उघडण्याची प्रथा आहे. पाहुणा येईल या अपेक्षेने पेला भरून ठेवायचा, दार उघडायचे, आणि कोणी आले नाही तरी पुढच्या वर्षी पुन्हा उघडायचे, असे या प्रथेचे स्वरूप असते. बार्टन हॉलमधील सेदरमध्ये मात्र या क्षणी पाहुणा खरोखरच आला. डोक्यावर मोटारसायकलस्वाराचे शिरस्त्राण घातलेले बेरिगन सभेपुढे प्रकट झाले आणि त्यांनी सभेशी संवाद साधला. प्रतीकासाठी राखून ठेवलेल्या जागी जिवंत आणि कायद्याला हवा असलेला माणूस येऊन उभा राहिला.

त्यानंतर पीटर शूमान यांच्या ‘ब्रेड अँड पपेट थिएटर’चा प्रयोग होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही मंडळी युद्धविरोधी मिरवणुकांतील प्रचंड बाहुल्यांसाठी प्रसिद्ध होती. प्रेक्षकांना पाव वाटणे हा तिच्या प्रयोगाचाच भाग असे. कला ही भाकरीसारखी नित्याची गरज आहे, ही शूमान यांची भूमिका त्यातून व्यक्त होई. त्या रात्रीच्या प्रयोगात येशूचे बारा शिष्य प्रचंड बाहुल्यांच्या रूपाने मंचावर होते. बेरिगन यांनी पुढे सांगितलेल्या हकीकतीनुसार निसटण्याचा निर्णय तेथेच, ऐन वेळी झाला. दिवे मंद झाले, ते एका शिष्याच्या बाहुलीत शिरले आणि इतर बाहुल्यांसमवेत सभागृहाबाहेर पडून वाट पाहत असलेल्या गाडीत बसून निघून गेले.

५

या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः गमतीदार पलायन म्हणून केले जाते. त्यातील नाट्याचे स्वरूप समजून घेण्यास मराठीतील ‘सोंग’ हा शब्द साहाय्यक ठरतो. ‘सोंग’ म्हणजे लळितात, दशावतारात किंवा बोहाड्यात आणले जाणारे पात्र. बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देवदैत्यांची सोंगे नाचविली जातात; मुखवट्याआडचा माणूस कोण हे गावाला ठाऊक असते, तरीही नमस्कार देवालाच केला जातो. दुसरीकडे ‘झोपेचे सोंग’ या प्रयोगात हाच शब्द फसवणुकीचा वाचक होतो. पहिल्या अर्थी सोंगाला प्रेक्षकांची संमती असते. दुसऱ्या अर्थी त्यांचे अज्ञान गृहीत धरलेले असते.

इथाकाच्या बाहुलीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी वावरत होते. पहारा देणाऱ्यांच्या दृष्टीने ती फसवणूक होती. ज्यांना नंतर उलगडा झाला त्या प्रेक्षकांच्या दृष्टीने ते पूर्वीच सुरू असलेल्या विधीचे पुढचे सोंग होते. आलेला एलियाहू शिष्याच्या रूपाने निघून गेला होता. ‘ओडिसी’त इथाकेला परतलेला नायक भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच घरात वावरतो, हे साम्यही तौलनिक अभ्यासकाच्या सहज लक्षात येईल. पण हे साम्य फार ताणता येत नाही. ओडिसियसचे वेषांतर सूडाच्या तयारीसाठी आहे आणि त्याचा शेवट संहारात होतो. बेरिगन यांचे सोंग घरी परतण्यासाठी नव्हते, घर सोडण्यासाठी होते; आणि त्याचा हेतू संहार थांबविण्याची मागणी जागती ठेवणे हा होता.

६

तरीही मूळ नैतिक प्रश्न शिल्लक राहतोच. सत्याग्रह्याने लपावे काय? भारतीय परंपरेत या प्रश्नावर तीव्र वाद झालेला आहे. ९ ऑगस्ट १९४२ नंतर अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. अरुणा असफअली आणि अच्युतराव पटवर्धन यांची नावे देशभर झाली. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. साताऱ्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर गांधींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. गुप्ततेत भय असते आणि भय हे अहिंसेशी विसंगत आहे, अशी त्यांची धारणा होती. अरुणा असफअली यांनी हा सल्ला मानला नाही. १९४६ मध्ये वॉरंट रद्द झाल्यावरच त्या प्रकट झाल्या. गांधींना त्यांच्या धैर्याविषयी आदर होता, पण मार्ग मान्य नव्हता.

अमेरिकेत हाच वाद निराळ्या भाषेत झाला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी १९६८ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत सविनय कायदेभंग करणाऱ्याने शिक्षा स्वीकारलीच पाहिजे असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी झिन यांनी त्याला उत्तर दिले: कायदाच अन्याय्य युद्धाच्या सेवेत असेल, तर त्याच कायद्याने दिलेली शिक्षा मुकाट्याने भोगण्यात नैतिक श्रेष्ठत्व कोणते? बेरिगन भूमिगत झाले तेव्हा त्यांना साहाय्य करणाऱ्यांत झिनही होते. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी भूमिगत बेरिगन यांच्याशी केलेले संवाद १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आले; त्यांतही शंका आणि समर्थन यांचा हा झगडा मोकळेपणाने नोंदलेला आहे.

गांधींच्या आक्षेपाचे दोन भाग करता येतात. गुप्तता भयातून जन्मते, हा पहिला. गुप्तता हिंसेकडे नेते, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला इथाकाच्या सभेतच काही उत्तर मिळते. फरारी झाल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, शत्रुपक्षाच्या देखत, हजारो लोकांपुढे उभा राहणारा माणूस भयाने लपलेला आहे असे म्हणणे अवघड आहे. दुसऱ्या आक्षेपाला बेरिगन यांनी स्वतःच तोंड दिले. भूमिगत असतानाच त्यांनी बाँबस्फोटांचा मार्ग पत्करलेल्या ‘वेदरमेन’ या गटाला उद्देशून एक पत्र लिहिले. समान अनुभवाच्या नात्याने लिहिलेल्या या पत्रात त्यांनी हिंसेच्या मोहापासून सावध राहण्याचे आवाहन केले. गुप्तता पत्करूनही अहिंसेची सीमा राखता येते, हे सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र या उत्तराने प्रश्न मिटत नाही. कारण लपणाऱ्याची किंमत लपविणाऱ्यालाही द्यावी लागते. फरारी माणसाला आश्रय देणे हा गुन्हा होता. ११ ऑगस्ट १९७० रोजी ब्लॉक आयलंडवर विल्यम स्ट्रिंगफेलो यांच्या घरी बेरिगन पकडले गेले. त्यांना पकडण्यास आलेले अधिकारी पक्षिनिरीक्षकांच्या वेषात होते. या खेपेस सोंग शासनाने घेतले होते. स्ट्रिंगफेलो आणि त्यांच्या घरातील सहकाऱ्यावर आश्रय दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. तो पुढे न्यायालयात टिकला नाही. शिवाय भूमिगत होण्याचे स्वातंत्र्यही सर्वांना सारखे नव्हते. शिकागोत ४ डिसेंबर १९६९ रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण नेते फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांनी स्वतःच्या घरात मारले गेले होते. श्वेतवर्णीय धर्मगुरूच्या पलायनात जी खेळकरता शक्य झाली, ती त्याच देशातील कृष्णवर्णीय कार्यकर्त्याला परवडणारी नव्हती. बार्टन हॉलच्या प्रसंगाचे मूल्यमापन करताना ही विषमता दृष्टिआड करता येत नाही.

७

उपस्थितीचा प्रश्न येथे पुन्हा पुढे येतो. सामान्य सभेत श्रोता ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. १७ एप्रिलच्या रात्री श्रोत्यांसमोर एक फरारी माणूस उभा होता. त्याला पाहणे, त्याचे ऐकणे आणि त्याला पकडून न देणे या तीन गोष्टी मिळून उपस्थितीचे कृतीत रूपांतर झाले. सभागृहातील सारेच श्रोते या कृतीला अनुकूल असतील असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्या गर्दीत शिरून अटक करणे अधिकाऱ्यांना साधले नाही, हे या सामूहिक उपस्थितीचेच फलित म्हणावे लागेल. बेरिगन या गावात चार वर्षे राहिले होते आणि श्रोत्यांतील अनेक जण त्यांना प्रत्यक्ष ओळखत होते. महानगरातील व्यासपीठावरचा फरारी कवी हे एक दृश्य ठरले असते. इथाकात तो परिचित माणूस होता.

साक्षीदाराला कृतीत ओढून घेण्याचे हेच सूत्र बेरिगन यांच्या ‘द ट्रायल ऑफ द कॅटन्सव्हिल नाइन’ या नाटकातही दिसते. न्यायालयातील साक्षींच्या अधिकृत नोंदींतून निवड करून आणि त्यांना मुक्तछंदाचे वळण देऊन हे नाटक सिद्ध झाले आहे. हाइनार किपहार्ट यांचे ओपेनहायमरवरील नाटक (१९६४) आणि पेटर वाइस यांचे आउश्वित्स खटल्यावरील नाटक (१९६५) यांनी रूढ केलेल्या दस्तऐवजी नाट्याच्या परंपरेत ते बसते. एक भेद मात्र मूलभूत आहे. किपहार्ट आणि वाइस यांनी इतरांच्या खटल्यांना रूप दिले. बेरिगन यांनी ज्या खटल्यात ते स्वतः आरोपी होते त्याला रूप दिले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा नाटककार डॅनबरीच्या तुरुंगात होता. प्रेक्षागारातील माणसांना ज्युरीच्या जागी बसविणाऱ्या या नाटकातील एक पात्र प्रत्यक्षात शिक्षा भोगत होते. बार्टन हॉलमध्ये कवी उपस्थित राहून अदृश्य झाला. रंगभूमीवर तो अनुपस्थित राहून ऐकू आला.

८

सभेचे तात्कालिक फळ काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर निराशाजनक आहे. इथाकाच्या महोत्सवानंतर दोन आठवडे उलटण्याच्या आत, ३० एप्रिल १९७० रोजी, अमेरिकी फौजा कंबोडियात शिरल्याची घोषणा झाली. ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी सैनिकांच्या गोळीबारात मरण पावले. त्याच महिन्यात जॅक्सन स्टेट येथे आणखी दोन तरुण मारले गेले. सायगावचा पाडाव होऊन युद्ध संपले ते पाच वर्षांनंतर, ३० एप्रिल १९७५ रोजी. एका सभेने युद्ध थांबत नाही, हे लहान शहराइतकेच महानगरालाही लागू आहे. फेब्रुवारी २००३ च्या अतिविशाल निदर्शनांनंतरही मार्चमध्ये इराकवर हल्ला झालाच.

सभेचे दीर्घकालीन फळ मात्र त्याच परिसरात शोधता येते. १७ मार्च २००३ रोजी, इराकवरील हल्ला सुरू होण्याच्या तोंडावर, ‘कॅथॉलिक वर्कर’ परंपरेतील चार जण इथाकालगतच्या लॅन्सिंग येथील सैन्यभरती केंद्रात गेले. त्यांनी आपले स्वतःचे रक्त तेथील भिंतींवर आणि ध्वजावर शिंपडले आणि प्रार्थना करीत अटकेची वाट पाहिली. एप्रिल २००४ मध्ये स्थानिक न्यायालयात खटला चालला, तेव्हा शहरातून आणि आसपासच्या गावांतून निवडलेल्या ज्युरीचे एकमत होऊ शकले नाही. त्यानंतर शासनाने तोच विषय केंद्रीय न्यायालयात नेला. सप्टेंबर २००५ मध्ये बिंगहॅम्टन येथे चौघेही कटाच्या गंभीर आरोपातून सुटले. किरकोळ आरोपांवर मात्र दोषी ठरून तुरुंगात गेले.

या चौघांनी कॅटन्सव्हिलचा मार्ग अनुसरला, बार्टन हॉलचा नव्हे. त्यांच्यापैकी कोणी लपले नाही. म्हणजे तेहतीस वर्षांनंतर त्याच परिसरात गांधी-प्रणीत रीत पुन्हा स्वीकारली गेली. तरीही दोन घटनांतील नाते उपस्थितीच्या अंगाने स्पष्ट होते. १९७० मध्ये हजारो श्रोत्यांना अनपेक्षितपणे साक्षीदार व्हावे लागले. २००४ मध्ये बारा नागरिकांना शपथ देऊन निर्णयासाठी बसविण्यात आले, आणि शेजाऱ्यांच्या कृत्याला एकमुखाने गुन्हा म्हणणे त्यांना जमले नाही. युद्धविरोधी सभेचा इतिहास केवळ सभास्थानी जमलेल्या संख्येतून लिहिला, तर या ज्युरीची नोंद त्यात कोठेच होणार नाही. बेरिगन ३० एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तले. सत्याग्रह्याने लपावे की प्रकट व्हावे हा वाद त्यांच्या आयुष्याने सोडविला नाही. पाहणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न मात्र त्या रात्रीच्या सभेने श्रोत्यांच्या पदरात टाकला.